मॉन्ट्रियलचा फेब्रुवारी-मार्च कसा काढायचा, आणि तेवढ्यात फ्रेंच गाण्यांची गोडी कशी लावून घ्यायची

इथे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सगळे डिसेंबरची भीती घालतात, पण खरं सांगायचं तर डिसेंबर सोपा असतो. पहिला बर्फ, दिवे, सुट्ट्या, घरी फोटो पाठवणं यातच तो संपतो. जानेवारीत कौतुक असतं, उणे पंचवीस म्हणजे नेमकं काय ते एकदा अंगावर घ्यायचंच असतं. खरा कस लागतो तो फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत. बर्फ तेव्हा पांढरा राहिलेला नसतो, फुटपाथच्या कडेला राखाडी ढिगारे साचलेले असतात, एक दिवस पारा सहावर जातो आणि लोक जॅकेटची चेन उघडी टाकून फिरायला लागतात, की लगेच दुसऱ्या दिवशी परत वीस सेंटिमीटर पडतो. आणि तिकडे पुण्यात-रत्नागिरीत कैऱ्या धरलेल्या असतात, व्हिडिओ कॉलवर आई पंखा फुल करून बसलेली दिसते आणि विचारते, अजून आहे का गं तुमच्याकडे थंडी? तर हे दीड-दोन महिने कसे काढायचे आणि त्याच काळात इथल्या फ्रेंच गाण्यांत शिरायचं कसं, ते सांगते. माझ्या मते ही दोन कामं एकत्रच करावीत, कारण इथली बरीचशी चांगली गाणी याच थंडीतून आलेली आहेत आणि ती थंडीतच जास्त समजतात. जुलैत उन्हात बसून ऐकलीत तर अर्धीच पोचतात.

आधी शरीराचं बघू, म्हणजे गाण्यांकडे मोकळ्या मनाने जाता येईल.

उजेड महत्त्वाचा. दुपारी बारा ते दोनच्या मध्ये वीस मिनिटं तरी बाहेर पडायचंच, ढगाळ असलं तरी, कारण ऑफिसमधल्या ट्यूबलाइटपेक्षा ढगाळ आकाशाचा उजेडही कितीतरी पट जास्त असतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि अचानक संध्याकाळी सातपर्यंत उजेड दिसायला लागतो, त्या आठवड्यात झोपेचं खोबरं होतं पण मन एकदम वर येतं, तोपर्यंत धीर धरा. दहा हजार लक्सचे दिवे मिळतात, सकाळी वीस-तीस मिनिटं समोर ठेवून बसायचे, बऱ्याच जणांना फरक पडतो, पण डोळ्यांचा काही त्रास असेल किंवा गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरला विचारा. व्हिटॅमिन डीचंही तेच, मनाने डोस ठरवू नका. आणि जर नुसता कंटाळा नसून सकाळी उठवतच नसेल, रडू येत असेल, खाणं-झोप बिघडली असेल तर ८११ ला, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्य हेल्पलाइनला, फोन करून दोन नंबरचा पर्याय दाबा, तिथे बोलायला माणूस मिळतो आणि पैसे लागत नाहीत. यात लाजण्यासारखं काहीही नाही, हे मी मनापासून लिहितेय, कारण आपल्याकडची मुलंमुली हे घरी सांगत नाहीत आणि इथेही सांगत नाहीत.

मार्चमध्ये थंडीपेक्षा निसरडं वाईट. दिवसा वितळतं, रात्री गोठतं, सकाळी फुटपाथवर काचेसारखा थर असतो आणि त्यावर पावडर बर्फ पडला की दिसतही नाही. बुटांवर चढवायचे रबरी, खिळेवाले क्रॅम्पॉन घेऊन ठेवा आणि मेट्रोत शिरताना काढा, फरशीवर त्यांनीच घसरायला होतं. बुटांवर मिठाचे पांढरे डाग पडतात ते पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून पुसले की जातात, नाहीतर लेदर तडकतं. इमारतींच्या कडेकडेने चालू नका, छतावरचे बर्फाचे सुळे पडतात. घरात हीटिंगमुळे हवा इतकी कोरडी होते की नाकातून रक्त येतं, रात्री खोलीतच कपडे वाळत घातले तर बरं पडतं, आणि नाकाच्या कडेला नि ओठांना झोपताना साजूक तूप लावा, महागडी क्रीम लागत नाहीत. गाडी असेल तर नारिंगी पाट्या वाचा, बर्फ उचलायला येतात त्याआधी टो ट्रक भोंगा वाजवत गल्लीतून जातो, तो आवाज आला की गाडी हलवायला खाली पळायचं.

बास, एवढं पुरे. आता गाणी.

फ्रेंच येत नाही मग गाणी कशी ऐकू, हा प्रश्न सगळे विचारतात. मी म्हणते, आधी ऐका, भाषा मागून येते. ऑफिसात इंग्लिशवर चालून जातं, डेपानरमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, बोंजूर-मेर्सीवर चालतं, त्यामुळे वर्षानुवर्षं या शहरात राहूनही कितीतरी लोकांना इथली गाणारी माणसं कोण आहेत हेच माहीत नसतं. फ्रेंच गाणं म्हटलं की एडिथ पियाफ आणि पॅरिस, एवढंच डोक्यात. पियाफ थोरच, पण तुम्ही राहता मॉन्ट्रियलला, तर सुरुवात इथल्या प्रांतापासून, क्यूबेकपासून करा. दुसरं कारण प्रॅक्टिकल आहे, इथले लोक बोलतात ते फ्रेंच क्लासमधल्या सीडीसारखं नसतं, शब्द गिळून, ओढून, झपाझप बोलतात, आणि त्या बोलीचा कान सगळ्यात सोप्या रीतीने गाण्यातूनच तयार होतो.

सगळ्यात पहिलं काम म्हणजे सकाळी चहा होईपर्यंत रेडिओ लावायचा. खरा रेडिओ, प्लेलिस्ट नको. कॅनडात नियम आहे की फ्रेंच स्टेशनांनी आठवड्याभरात लावलेल्या लोकप्रिय गाण्यांपैकी ६५ टक्के फ्रेंच असायला हवीत, त्यामुळे कुठलंही फ्रेंच एफएम लावलंत तरी काही ना काही हाती लागतंच. रेडिओ-कॅनडाचं इसी म्युझिक हे स्टेशन शांत आहे, निवेदक हळू आणि स्वच्छ बोलतात, गायकाचं आणि गाण्याचं नाव सांगतात. काहीतरी नवं, तरुण पोरांचं ऐकायचं असेल तर युनिव्हर्सिते द मॉन्रेयालच्या विद्यार्थ्यांचं ८९.३ एफएम. नाव ऐकू आलं की जसं ऐकू आलं तसं देवनागरीत लिहून ठेवायचं, स्पेलिंग नंतर शोधू. फ्रेंचमध्ये शेवटची अर्धी अक्षरं उच्चारतच नाहीत, त्यामुळे स्पेलिंगच्या मागे लागलात तर गाणं हातचं जातं.

दुसरं, एका आठवड्याला एकच अल्बम. शफल करू नका. पहिले दोन दिवस नुसतं ऐका, काम करताना, भांडी घासताना, अर्थाच्या मागे न लागता. तिसऱ्या दिवशी एक गाणं निवडा, जे आपोआप गुणगुणायला लागलात ते, आणि त्याचे शब्द समोर घेऊन बसा. सगळे शब्द शोधू नका, ध्रुवपद तेवढं पक्कं करा. मग बाकीचा आठवडा ते चालताना ऐका. बाहेर ऐकायचं तर फोन आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा, उणे पंधरात बाहेरच्या खिशातल्या फोनची बॅटरी चाळीस टक्क्यांवरून धाडकन बंद पडते. इअरफोन टोपीच्या आत, आणि एकाच कानात, कारण फुटपाथवरून बर्फ ढकलणारी, पट्ट्यांवर धावणारी छोटी गाडी मागून कधी येईल सांगता येत नाही आणि ती जोरात येते.

कुठल्या क्रमाने ऐकायचं? हे माझं मत, तुम्ही बदला.

मी सुरुवात करायला सांगते ती बो दोमाज या बँडच्या १९७४ च्या पहिल्या अल्बमपासून. गिटार, बासरी, चार-पाच आवाज एकत्र, अगदी घरगुती, आणि गाण्यांत मॉन्ट्रियल भरून राहिलेलं. एका गाण्यात लांब ताडामाडांच्या देशात गेलेला माणूस म्हणतो की मी गेलो तरी ही ताडाची झाडं वाढायचीच, मी आपला घरी निघालो, आणि मग तो चक्क घरनंबरासकट पत्ता सांगतो, ६७६०, र्यू सें-व्हालिये. ही गल्ली खरी आहे, रोझमों-पेतीत-पात्री भागात, जाऊन बघता येते. कोकणातून आलेल्या माणसाला हे गाणं उलटं लागतं, आपण माडांकडून इकडे आलोय आणि हा माडांना सोडून इकडे पळतोय, पण घरी जायची ओढ तीच. त्याच अल्बमवर अलास्कामधल्या सीलचं गाणं आहे. त्या सीलची प्रिया अमेरिकेत सर्कशीत कामाला निघून गेलीय आणि हा बर्फाच्या कडेला बसून तिची वाट बघतोय, नाकावर चेंडू फिरवण्यासाठी आपल्या माणसांना सोडून जाण्यात काय अर्थ आहे, असं त्याला वाटतं. ऐकायला अगदी बालगीत. पण ते फेब्रुवारीत, घरापासून बारा हजार किलोमीटरवर, एच-वन की पीआर असल्या चर्चा रोज करणाऱ्या माणसाने शब्द समजून ऐकलं की घशात काहीतरी अडकतं. इथे लहान मुलांपासून आज्यांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे, ऑफिसात कोणालाही विचारा, पहिली ओळ गाऊनच दाखवतील.

दुसऱ्या आठवड्यात आर्मोनियम, हाही इथलाच बँड. त्यांचा १९७५ चा अल्बम, ज्याचं नावच आहे, आपल्याला पाचव्या ऋतूची गरज पडली तर. पहिली चार गाणी चार ऋतूंची, आणि शेवटचं जवळपास सतरा मिनिटांचं, त्याला शब्दच नाहीत. फ्रेंच न येणाऱ्या माणसासाठी यापेक्षा सोपा दरवाजा नाही. आम्हाला सहा ऋतू शिकवले शाळेत, त्यामुळे पाचवा कुठला हा प्रश्न आपल्याला वेगळाच वाटतो, पण इथल्या मार्चमध्ये, जेव्हा धड हिवाळा नाही आणि वसंताचा पत्ता नाही, तेव्हा तो प्रश्न बरोबर कळतो. अल्बममध्ये ड्रम जवळपास नाहीतच, तरी लय कुठे पडत नाही. संध्याकाळी दिवे न लावता ऐका.

झिल विन्यो मात्र शांतपणे, वेळ काढून. नताश्कानचा हा गीतकार-गायक, जन्म १९२८ चा, क्यूबेकच्या उत्तर किनाऱ्यावरचं छोटंसं गाव. त्याने १९६४ मध्ये एका फिल्मसाठी गाणं लिहिलं ज्याच्या पहिल्याच ओळीत तो म्हणतो की माझा देश म्हणजे देश नव्हे, तो हिवाळा आहे. मोनिक लेराकने ते १९६५ मध्ये पोलंडच्या सोपोत फेस्टिव्हलमध्ये गाऊन बक्षीस मिळवलं. हे गाणं म्हणजे थंडीची तक्रार नाही, ते आतिथ्याचं गाणं आहे, बर्फाळ एकांतात बापाने बांधलेल्या घरात मी शेकोटी पेटवून ठेवतो आणि जगातल्या माणसांसाठी जागा ठेवतो, असा त्याचा भाव. बाहेरून आलेल्या आपल्यासारख्यांनी हे ऐकलंच पाहिजे असं मला वाटतं. राजकारण, भाषेचे कायदे, सगळं चालू असतं, त्यावर प्रत्येकाचं मत आहे, पण या मातीतलं सगळ्यात मोठं गाणं दार उघडं ठेवण्याबद्दल आहे, हे माहीत असलेलं बरं.

याच विन्योचं १९७५ चं दुसरं एक गाणं तुम्ही नकळत ऐकलेलं असणार. ऑफिसात वाढदिवसाला हॅपी बर्थडेच्या ऐवजी सगळे जी चाल गातात आणि मध्ये तुमचं नाव घालतात, ती त्याचीच. शब्द थोडेच आहेत, पाठ करून ठेवा, पुढच्या वाढदिवसाला तुम्हीही तोंड उघडलंत की टेबलावरचे लोक ज्या प्रेमाने बघतात ते बघाच.

मार्च लांबला आणि अगदी वैताग आला की ला बोल्ड्युक लावा. मारी त्राव्हेर हिचं खरं नाव, क्यूबेकच्या पूर्वेकडच्या गास्पेझी भागातली, जन्म १८९४. मंदीच्या काळात, १९३० मध्ये, नोकऱ्या गेलेल्या लोकांसाठी तिने गाणं केलं, येईल येईल, धीर सोडू नका, अशा अर्थाचं. रेकॉर्डिंग जुनं, खरखरीत, पण मध्येच ती जिभेने टुरुलुटू-टुरुलुटू असं झपाट्याने काहीतरी गाते, त्याने खरंच हसू येतं. चार मुलांची आई, घर चालवायचं म्हणून गायला लागली आणि क्यूबेकमध्ये स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणाऱ्यांमध्ये अगदी सुरुवातीची ठरली.

पुढची यादी भराभर देते. कर द पिरात या गायिकेचा २००८ चा पहिला अल्बम, छोटी गाणी, पियानो, उच्चार स्वच्छ, फ्रेंच शिकणाऱ्यांसाठी उत्तम. कार्कवा या बँडचा ज्या अल्बमला २०१० मध्ये पोलारिस प्राइज, म्हणजे कॅनडातलं अल्बमसाठीचं मोठं बक्षीस, मिळालं तो, हे प्राइज मिळवणारा तो पहिला फ्रेंच अल्बम. सफिया नोलँ, पण तिची गाणी उदास, रविवारी रात्री नको. शेजारच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातली लिसा लब्लाँ, बँजो आणि मोठ्ठा आवाज, सोमवारी सकाळी चालेल. क्यूबेकच्या अगदी उत्तरेकडच्या नुनाव्हिकची एलिसापी फ्रेंच, इंग्लिश आणि इनुक्तितुत (इन्युइट लोकांची भाषा) तिन्हींत गाते, २०२३ च्या अल्बममध्ये तर तिने जुनी गाजलेली रॉक-पॉप गाणी इनुक्तितुतमध्ये आणलीयत, म्हणजे ते फ्रेंचमध्ये बसत नाही, पण हिवाळ्याचं खरं घर कुठे आहे ते त्यात ऐकू येतं, म्हणून इथे घुसवतेच. ले कोलोक या बँडचा १९९८ चा अल्बम महान आहे आणि त्यातलं नोव्हेंबरचं गाणं मरणाच्या दारातल्या माणसाचं आहे. मन खाली असेल तर ते पुढच्या सप्टेंबरपर्यंत बाजूला ठेवा, हे मी अगदी सिरियसली सांगतेय.

आणि ले काउबॉयझ फ्रँगाँ हा बँड. मॉन्ट्रियलजवळच्या रपांतिन्यीची पोरं, अकॉर्डियन, व्हायोलिन, लाखो लोकांच्या तोंडी असलेली गाणी. त्यांचा गायक कार्ल त्राँब्ले नोव्हेंबर २०२३ मध्ये कॅन्सरने गेला तेव्हा हे अख्खं राज्य घरातलं माणूस गेल्यासारखं गप्प झालं होतं, बेल सेंटरमध्ये, म्हणजे शहराच्या मोठ्या हॉकी स्टेडियममध्ये, सरकारी मानाने श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. माझ्या मजल्यावरच्या शेजारीणबाई, सत्तरीच्या, कधी हवामानापलीकडे बोलल्या नव्हत्या. त्या आठवड्यात लिफ्टमध्ये माझ्या फोनवर या बँडचं उल्कांवरचं गाणं चालू होतं ते बाईंना ऐकू आलं, आणि त्या तळमजला आला तरी उतरल्या नाहीत, दार हाताने धरून गाण्याबद्दलच सांगत राहिल्या, मला अर्धं कळलं, अर्धं नाही. तेव्हापासून त्या माझ्याशी फ्रेंचमध्ये हळूहळू बोलतात, मी चुकते, त्या थांबतात. क्लासला मी जातेच, सरकारी फ्रान्सिझासिओंचे, म्हणजे नवीन आलेल्यांना फ्रेंच शिकवायचे, क्लास फुकट असतात आणि जरूर घ्यावेत, पण ही शिकवणी वेगळी.

घरात बसून ऐकण्याला मर्यादा आहे, प्रत्यक्ष जायलाच हवं. फेब्रुवारी-मार्चमध्ये र्यू ओंतारियोवरच्या काबारे लियों दोरमध्ये ले फ्रांकुव्हेर्तची सुरुवातीची फेरी असते, नवीन फ्रेंच गाणाऱ्यांची स्पर्धा. हॉल छोटा, एका रात्रीत दोन-तीन जण गातात, आणि प्रेक्षकांच्या मतालाही किंमत असते, म्हणजे तुम्हालाही विचारतात. ले सर बुले या बहिणी २०१२ मध्ये इथूनच जिंकून पुढे गेल्या. शब्द कळले नाहीत तरी कोण मनापासून गातंय ते कळतंच ना. जड जॅकेट कोट-चेकला द्यायचं, त्यासाठी सुटे पैसे ठेवा, आत गरम होतं म्हणून आतला थर पातळ घाला. पैसे खर्चायचे नसतील तर बेरी-युकॅम मेट्रोला लागूनच ग्रांद बिब्लिओतेक आहे, २००५ मध्ये उघडलेली, क्यूबेकमध्ये राहणाऱ्यांना कार्ड फुकट. संगीताचा भाग मोठा आहे, सीडी घरी नेता येतात, मेट्रोतून उतरल्यावर बाहेर पाऊलही टाकावं लागत नाही, मार्चच्या चिखलाच्या रविवारी अर्धा दिवस तिथे सहज जातो.

आता काबान आ सुक्र, म्हणजे मेपलचा रस आटवून सिरप करतात आणि जेवायलाही वाढतात ती जागा. मेपलचा रस वाहायला रात्री शून्याखाली आणि दिवसा शून्यावर असं तापमान लागतं, म्हणजे ज्या उलटसुलट हवेला आपण शिव्या देतो तीच त्या झाडांना हवी असते, आणि साधारण चाळीस लिटर रस आटवला की एक लिटर सिरप होतं. मार्चपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत मॉन्ट्रियलच्या बाहेर तासाभरावर कितीतरी काबान चालू असतात, शनिवार-रविवारचं बुकिंग आधी करा. जेवणात वाटाण्याचं सूप, हॅम, ऑम्लेट, बीन्स, पॅनकेक, सगळ्यावर सिरप. शाकाहारी असाल तर फोनवरच विचारा, बीन्समध्ये आणि सूपमध्ये बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. शेवटी ताज्या बर्फावर गरम पाक ओततात आणि तो काडीला गुंडाळून खायचा, तो सगळ्यांना चालतो. फोनवरच आणखी एक विचारा, गाणारे प्रत्यक्ष असतात की स्पीकरवर लावता? प्रत्यक्ष असतील तिथेच जा. एक जण व्हायोलिन घेऊन खुर्चीवर बसतो, दोन्ही पायांनी लाकडी फळीवर ताल धरतो, कोणीतरी दोन चमचे मांडीवर वाजवतो, आणि मुख्य गाणारा एक ओळ म्हणतो ती बाकी सगळे परत म्हणतात. हे आपल्याला शिकवावं लागत नाही, गोंधळात झीलकरी जे करतात तेच करायचं, ओळ उचलायची आणि तशीच्या तशी परत द्यायची. त्यामुळे फ्रेंचचा एक शब्द न येणारा आपला माणूसही तिसऱ्या कडव्याला पूर्ण आवाजात गात असतो, मी हे माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत बघितलंय. जाण्याआधी ल व्हाँ द्यु नॉर किंवा ला बोतिन सुरियाँत हे लोकसंगीताचे बँड घरी ऐकून गेलात तर चाली ओळखीच्या वाटतील.

पाडवा साधारण याच दिवसांत येतो. बाल्कनीत बर्फ असतो, गुढी वाऱ्याने कलते म्हणून काठीला रेलिंगशी तीन ठिकाणी बांधा, कडुनिंब पार्क एक्स वस्तीतल्या दुकानात मिळाला तर बघा, साखरेच्या गाठी नसतील तर आम्ही मेपल साखरेचा तुकडा ठेवतो. त्या दिवशी सकाळी आधी आपली गाणी, दुपारी त्यांची.

एप्रिल उजाडला की ऐकणं सोडू नका, कारण जूनमध्ये प्लास दे फेस्टिव्हालला ले फ्रांको हा फ्रेंच गाण्यांचा महोत्सव असतो, १९८९ पासूनचा, आणि बाहेरच्या स्टेजवरचे शो फुकट. कार्यक्रम वसंतातच जाहीर होतो, तुम्ही लिहून ठेवलेली देवनागरी यादी काढा, त्यातली नावं शोधा, आणि प्लास-देझार मेट्रोला उतरून लवकर जाऊन पुढे उभे राहा.